हुमणीला मेटारायझियम टाकताय? मग ते बियाणासारखं पेरा

ऑगस्ट संपत आलाय, उसाचं एक बेट पिवळं पडलंय, जवळ जाऊन हाताने ओढलं तर अख्खं बेट हातात आलं, मुळंच नाहीत, आणि खाली मातीत इंग्रजी सी सारख्या वळलेल्या चार जाड पांढऱ्या अळ्या. ज्याने हे एकदा बघितलंय त्याला हुमणी म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या माळशिरस तालुक्यात कोणी हिला हुमणी म्हणतं, कोणी हुन्नी, कोणी उन्नी. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्याच दिवशी दुकानात जाऊन मेटारायझियमची, म्हणजे किडीला रोग लावून मारणाऱ्या बुरशीच्या पावडरची, दोन किलोची पिशवी आणली, भर दुपारी बॅरलमध्ये कालवली, एक बुरशीनाशक पण द्यायचं राहिलं होतं ते त्यातच टाकलं आणि आळवणी केली. अळी एकही मेली नाही. मग दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की हे जैविक वगैरे काही चालत नाही.

चूक बुरशीची नव्हती. मी तिला औषध समजून वापरली. औषधाला वेळ, ओल, ऊन याचं फार पडलेलं नसतं, अळीच्या पोटात गेलं की झालं. बुरशी जिवंत असते, तिचा एकेक बीजाणू म्हणजे एकेक बी, ते अळीच्या कातडीवर पडावं लागतं, तिथं ओल मिळावी लागते, उगवावं लागतं. म्हणजे बियाणं चांगलं पाहिजे, वाफसा पाहिजे, पेरणीची वेळ साधली पाहिजे. हे डोक्यात बसलं तेव्हापासून माझ्या रानात फरक पडला, म्हणून पूर्ण वर्षाचं काम क्रमाने लिहितोय.

आधी ती मारते कशी ते बघा

ही माहिती नवीन नाही. इटलीत रेशमाच्या किड्यांवर पांढरी बुरशी येऊन किडे मरायचे, तो रोग बुरशीमुळेच होतो हे ऑगस्टिनो बासी यांनी 1835 मध्ये दाखवलं, आणि त्या बुरशीच्या ब्युव्हेरिया बॅसियाना या नावातलं बॅसियाना त्यांच्यावरूनच आलंय. पुढे 1879 मध्ये मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने आजच्या युक्रेनमधल्या ओडेसा भागात गव्हाच्या भुंगेऱ्यावर हिरवी बुरशी वापरून बघितली, तीच आपली मेटारायझियम ॲनिसोप्ली. त्या भुंगेऱ्याचं नाव ॲनिसोप्लिया, त्यावरून बुरशीचं नाव. म्हणजे ही बुरशी सुरुवातीला भुंगेऱ्यावरच वापरली गेली आणि आपली हुमणी ही पण भुंगेऱ्याचीच अळी आहे.

बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, ओल मिळाली की त्याला कोंब फुटतो, तो कोंब कातडी विरघळवणारे एन्झाइम सोडून आत घुसतो. आत रक्तात बुरशी वाढते, विष पण सोडते, अळी खायची कमी होते, सुस्त पडते आणि मरते. मेल्यावर अंग कडक होतं, वरून आधी पांढरी लव येते आणि मग ती शेवाळी हिरवी होते. त्या हिरव्या पावडरीत पुन्हा नवीन बीजाणू असतात. अळीने काही खावं लागत नाही, नुसता स्पर्श झाला तरी चालतं, हा मोठा फायदा कारण जमिनीतल्या अळीच्या तोंडापर्यंत काही पोचवणं फार अवघड.

पण याला दिवस लागतात. लहान अळी आठ दहा दिवसांत जाते, पूर्ण वाढलेल्या अळीला तीन आठवडे किंवा जास्त पण लागू शकतात आणि तोपर्यंत ती मुळं खात राहते. म्हणून ऑगस्टच्या शेवटी बेट पिवळं पडल्यावर टाकलेली बुरशी त्या वर्षीचा ऊस वाचवत नाही, हे मनाला पटवून घ्या.

हुमणीचं वर्ष

आमच्या भागात जी हुमणी जास्त सापडते ती होलोट्रिकिया सेराटा. हिची वर्षात एकच पिढी होते आणि सगळं नियोजन यावरच बसवायचं. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतून भुंगेरे बाहेर येतात, दिवस मावळला की कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथंच मिलन होतं, आणि पहाटे पुन्हा जमिनीत जातात. मादी मातीत एकेक करून अंडी घालते, एकूण 50-60 च्या आसपास. दहा पंधरा दिवसांत अंडी फुटतात. पहिल्या अवस्थेतली अळी इतकी बारीक असते की नजरेला सापडत नाही, ती कुजलेला पाला आणि बारीक मुळं खाते. जुलैपासून ती मोठी होत जाते, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिसरी अवस्था, खरं नुकसान तेव्हा दिसतं. मग ती खोल जाते, कोष करते, आणि तयार झालेला भुंगेरा पुढच्या पावसापर्यंत जमिनीतच बसून राहतो.

म्हणजे आपली पेरणीची वेळ कोणती? पहिल्या पावसानंतर तीन चार आठवड्यांनी, जेव्हा अंडी फुटून बारीक अळ्या वरच्या थरात असतात. आमच्याकडे साधारण जूनचा शेवट ते जुलैचा मध्य. सांगली कोल्हापूरकडे नदीकाठच्या रानात ल्युकोफोलिस नावाची वेगळी हुमणी असते, तिचं वागणं आणि वेळ थोडी वेगळी, तिकडच्यांनी आपल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून वेळ धरावी.

मे महिन्यात: बियाणं आणा आणि तपासा

पाकिटावर तीन गोष्टी बघायच्या. बुरशीचं पूर्ण नाव, उत्पादनाची तारीख, आणि सीएफयू म्हणजे एका ग्रॅममध्ये जिवंत बीजाणू किती. पावडरवर साधारण 1.15 टक्के आणि ग्रॅमला किमान 1 गुणिले 10 चा 8 वा घात असं लिहिलेलं असतं, म्हणजे 10 कोटी. नोंदणी क्रमांक नसेल तर घेऊ नका, नुसतं 'जैविक सुपर' असलं काहीतरी नाव आणि आत काय ते लिहिलेलंच नाही अशा बाटल्या खूप विकल्या जातात. मी सहा महिन्यांच्या आतलंच घेतो. आणि दुकानदाराने ते कुठं ठेवलंय ते पण बघतो, आमच्याकडे मे मध्ये पारा 42 वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये दोन महिने पडलेल्या पिशवीत जिवंत काय राहणार. राहुरी, परभणी, अकोला या कृषी विद्यापीठांकडे जैविक बुरशी मिळते, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं बीव्हीएम म्हणून मिळतं त्यात ब्युव्हेरिया, व्हर्टिसिलियम आणि मेटारायझियम या तिन्ही बुरशी असतात. काही कारखाने पण सभासदांना देतात. तिथं आधी नंबर लावा कारण जूनमध्ये सगळेच मागतात.

आणल्यावर एक छोटी चाचणी करतो, खर्च काहीच नाही. खताच्या खड्ड्यात मे मध्ये जाड पांढऱ्या अळ्या सापडतात, त्यातल्या बारा घ्यायच्या. प्रत्येक अळी वेगळ्या कपात, कारण एकत्र ठेवल्या की एकमेकींना चावतात. कपात ओलसर माती आणि खत, आठ कपांत चिमूटभर बुरशी मिसळायची, चार कप तसेच ठेवायचे. सावलीत, घरातल्या थंड जागेत तीन आठवडे. मधून मधून थोडं पाणी शिंपडायचं. मेलेली अळी ओल्या कापसावर झाकणाच्या डब्यात ठेवायची, चार पाच दिवसांत पांढरी आणि मग हिरवी झाली तर बियाणं उगवतंय. काळी पडून मऊ झाली, घाण वास आला तर ती बुरशीने नाही, दुसऱ्याच कशाने मेली. खतातल्या अळ्या वेगळ्या जातीच्या असतात, त्यामुळे दोन तीनच मेल्या तरी पिशवी फेकून देऊ नका, पण एकही हिरवी झाली नाही तर मात्र दुसरीकडून आणा.

पेरणीआधी: शेणखतात मिसळणं

हेक्टरी 20 किलो, म्हणजे एकरी 8 किलो पावडर मी धरतो. याचा हिशोब करून बघितला तर एका चौरस मीटरला साधारण 20 कोटी बीजाणू पडतात, ऐकायला फार वाटतं पण माती केवढी आणि अळी केवढी, तिच्या अंगापर्यंत पोचायला एवढे लागतात. एकराला दोन किलो टाकून पूर्ण वावर झालं म्हणणं म्हणजे एका पायलीत दहा एकर ज्वारी पेरण्यासारखं आहे. पातळ बाटलीतलं असेल तर डोस वेगळा, बाटलीवरचाच धरा.

8 किलो पावडर 200-250 किलो शेणखतात मिसळायची. खत पूर्ण कुजलेलं पाहिजे. हात घालून बघा, आतून गरम लागलं तर ते अजून कुजतंय आणि त्या गरमीत बुरशी मरते. खत चाळून घ्या, कारण हुमणीच्या आणि इतर भुंगेऱ्यांच्या अळ्या आपणच खताबरोबर वावरात नेतो, चाळताना निघालेल्या अळ्या कोंबड्यांना टाका. झाडाखाली किंवा शेडमध्ये एक फुटापेक्षा कमी उंचीचा थर, पाणी शिंपडून एवढं ओलं की मुठीत दाबलं तर लाडू व्हावा पण पाणी गळू नये. वरून ओली गोणपाटं. दर तीन दिवसांनी खालीवर करायचं, आठ दहा दिवस.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बरेच जण म्हणतात की शेणखतात ठेवलं की बुरशी शंभर पट वाढते. शेणखतात आधीच कितीतरी जिवाणू आणि बुरशी असतात, त्यांच्या गर्दीत ही तेवढी वाढत नाही. फायदा हा की आठ किलो पावडर एकरभर सारखी पसरता येते आणि बीजाणूंना ओलीची जागा मिळते. म्हणून शेणखतात ठेवलंय म्हणून डोस निम्मा करू नका. गूळ आणि बेसन घालून उघड्या ड्रममध्ये वाढवतात त्याबद्दलही माझं मत असंच आहे, उघड्या गुळाच्या पाण्यात सगळ्यात आधी यीस्ट आणि जिवाणू वाढतात, फेस येतो, आंबूस वास येतो आणि आपल्याला वाटतं बुरशी वाढली. मी ते करत नाही.

पेरणी

मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवणं, आणि ही वेळ जुळली तर सोन्याहून पिवळं. बांधणीच्या आधी सरीत उसाच्या बुडाजवळ खत टाकत जायचं आणि लगेच बांधणीच्या मातीने झाकून घ्यायचं. उघड्यावर पडलेले बीजाणू उन्हात काही तासांत मरतात, म्हणून संध्याकाळी चारनंतर काम सुरू करा किंवा ढगाळ दिवस धरा. जमीन वाफशावर पाहिजे. कोरड्या फुफाट्यात टाकू नका, पाऊस नसेल तर आदल्या दोन दिवसांत हलकं पाणी द्या आणि टाकल्यावर पण हलकं पाणी द्या. पुढचे आठ पंधरा दिवस माती ओलसर राहणं हेच सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं बरोबर करून इथं चुकलेले मी बरेच बघितलेत. खोडव्यात पाचट ठेवलेलं असेल तर फार चांगलं, पाचटाखाली गारवा आणि ओल दोन्ही टिकते, फक्त खत पाचट सारून मातीवर टाका, वर नको.

ऊस वाढून दाट झाला असेल, खत टाकत फिरता येत नसेल तर आळवणी. आदल्या रात्री पावडर बादलीत थोड्या पाण्यात भिजत घाला, सकाळी नको, संध्याकाळी पंपाचा नोझल काढून बुडात सोडा. विहिरीचं पाणी वापरा, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेलं नको. ठिबकवाल्यांनी पातळ स्वरूपातलंच घ्यावं, पावडरमध्ये टाल्क असतो, कापडाने दोनदा गाळलं तरी ड्रिपर चोंदतात, आणि गाळण्यात अर्धे बीजाणू कापडालाच राहतात. ठिबकने सोडताना आधी जमीन भिजवायची, मग बुरशी, मग दहा मिनिटं साधं पाणी.

दुसरी मात्रा महिना दीड महिन्याने, जुलै शेवट किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या मात्रेतून सुटलेल्या आणि उशिरा फुटलेल्या अळ्यांसाठी ही लागते.

आडसाली, म्हणजे जुलै ऑगस्टमधल्या, लावणवाल्यांना एक अडचण येते. बेणं बुरशीनाशकात बुडवून लावलेलं असतं आणि त्याच सरीत आपण बुरशी टाकतो. तसं करू नका, आंबवणीचं, म्हणजे लावणीनंतरचं हलकं, पाणी होऊन आठवडा दोन आठवडे जाऊ द्या. एकूणच कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, तांबेयुक्त काहीही याबरोबर मिसळायचं नाही, मागे पुढे किमान आठ दिवस सोडायचे. युरियात कालवून टाकू नका. ट्रायकोडर्मा पण मी वेगळा देतो, पंधरा दिवसांच्या अंतराने, कारण ती दुसऱ्या बुरशीवर जगणारी बुरशी आहे.

भुंगेरे सोडू नका

बुरशी टाकली म्हणून पहिल्या पावसातलं काम सोडायचं नाही. पाऊस झाला त्या दिवसापासून आठ दहा दिवस संध्याकाळी साडेसात ते नऊ बांधावरच्या लिंबाला, बाभळीला खाली कापड अंथरून फांद्या हलवायच्या, भुंगेरे पडतात, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. प्रकाश सापळा लावला तर हेक्टरी एक, रात्रभर लावायची गरज नाही, पहिले दोन तीन तास पुरतात. पोरं हे काम आवडीने करतात. पण एकट्याने करून उपयोग नाही, भुंगेरा शेजारच्या वावरातून उडत येतो, पूर्ण शिवाराने करायला पाहिजे. एक मादी पकडली म्हणजे पन्नास अळ्या कमी, कुठलीच बुरशी एवढ्या स्वस्तात हे करत नाही. एप्रिल मे मध्ये मोकळ्या रानाची खोल नांगरट झाली की उघडे पडलेले भुंगेरे बगळे, कावळे, साळुंक्या वेचतात, ते पण करा.

चाललं की नाही कसं बघायचं

पहिल्या मात्रेनंतर तीन आठवड्यांनी वावरात पाच ठिकाणी, कडेला दोन आणि मध्ये तीन, एक मीटर लांब एक मीटर रुंद, कमरेपर्यंत नको पण फूट दीड फूट खोल उकरायचं आणि जिवंत, मेलेल्या अळ्या मोजून वहीत लिहायच्या. चौरस मीटरला सरासरी एक अळी किंवा जास्त जिवंत सापडली तर दुसरी मात्रा चुकवू नका. कडक झालेल्या, तपकिरी किंवा पांढऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या तर बुरशी रुजली. त्या हिरव्या अळ्या फेकू नका, जिथं जिवंत अळ्या जास्त दिसल्या तिथंच मुळाजवळ पुरा.

पहिल्या वर्षी मला निम्म्याच्या आसपास अळ्या कमी झालेल्या दिसल्या, तिसऱ्या वर्षी पिवळी बेटं शोधावी लागत होती. मातीत ही बुरशी बरेच महिने टिकते, आणि पाचट ठेवलेल्या, रसायन कमी वापरलेल्या रानात जास्त टिकते. पण दरवर्षी मात्रा द्यायचीच, मागच्या वर्षीच्या भरवशावर राहायचं नाही.

ज्या वर्षी फारच जास्त झाली, ऑगस्टमध्ये चौरस मीटरला पाच सहा सापडतायत, तेव्हा सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) किंवा कारखान्याच्या ऊस विकास अधिकाऱ्याला बोलावून रासायनिक काय द्यायचं ते विचारा. ऊस जाऊ देऊन जैविकचा हट्ट धरा असं मी कुणालाच सांगणार नाही.

इतर पिकांवर थोडक्यात

पानावरच्या किडीला हिशोब थोडा बदलतो. द्राक्ष, डाळिंबावरचा पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी यांना व्हर्टिसिलियम लेकॅनी, लिटरला 5 ग्रॅम, पिठ्यावर मेणचट थर असतो म्हणून चांगला स्प्रेडर घाला आणि पानाच्या खालच्या बाजूला फवारा बसू द्या. मक्यावरच्या लष्करी अळीला मेटारायझियम किंवा नोमुरिया रिलाई, तेवढ्याच प्रमाणात, आणि फवारा पोंग्यात गेला पाहिजे. नोमुरिया आपल्याकडे पावसाळ्यात आपोआप पण येते, सोयाबीन मक्यावर पानाला चिकटून कडक पांढऱ्या हिरव्या अळ्या दिसतात ना, त्या तिनेच मेलेल्या असतात, अशा वेळी घाईने बुरशीनाशक फवारू नका. सगळ्यांना संध्याकाळ, ढगाळ हवा आणि 70-80 टक्क्यांच्या पुढे आर्द्रता लागते. आमच्या सोलापूरच्या मार्च एप्रिलच्या उन्हात फवारणी करून पैसे वाया घालवू नका. कोकणातल्या, गोव्यातल्या नारळवाल्यांना गेंड्या भुंग्याचा त्रास असतो, त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, तिथं मेटारायझियम टाकून ठेवणं सोपं आणि चांगलं काम आहे.

काळजी

माणसाला ही सुरक्षित म्हणतात पण पावडर उडते, दमा किंवा ॲलर्जी असेल तर त्रास होतो, मास्क आणि चष्मा लावूनच मिसळा. आणि शेजारी तुतीची बाग, रेशीम शेड असेल तर ब्युव्हेरिया आणि मेटारायझियम दोन्हीची फवारणी करू नका. बासींनी ज्या रोगाने किडे मरताना बघितले तो ब्युव्हेरियाचाच. बीड, जालन्याकडे घरोघरी रेशीम आहे, आपल्या फवाऱ्याने दुसऱ्याची अख्खी बॅच गेली तर भरून कोण देणार.

घरी तांदळाच्या कणीवर वाढवायचं बरेच जण विचारतात. होतं, पण पद्धतीने. कणी दोन तास भिजवून निथळून पीपीच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या, पिशवीत भरायची, तोंडाला कापसाचा बोळा, कुकरमध्ये 15 पौंड दाबाला अर्धा तास, पूर्ण थंड झाल्यावर विद्यापीठातून आणलेलं शुद्ध मूळ कल्चर बंद खोलीत दिव्याजवळ टाकायचं, 25 ते 28 डिग्रीला बारा पंधरा दिवस, चौथ्या पाचव्या दिवशी पिशवी हलवून गुठळ्या फोडायच्या. खरी भीती ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीची. ती पण हिरवट पिवळी दिसते, डोळ्याने फरक कळत नाही आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. म्हणून पहिल्या बॅचमधली एक पिशवी कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाखवल्याशिवाय वावरात नेऊ नका, आणि काळा, चमकदार पिवळा किंवा वेगळाच रंग दिसला तर ती पिशवी न उघडता तशीच जाळा. दुकानातून आणलेल्या पावडरीवरून पुढची बॅच, त्या बॅचवरून पुढची, असं करत गेलं की दोन तीन पिढ्यांत बुरशीची मारायची ताकद कमी होत जाते, म्हणून दरवर्षी नवीन कल्चर आणायचं. मी स्वतः दोन वर्षं करून सोडलं, आठ एकराला तयार घेणंच परवडतं, पण गावात दहा पंधरा जण मिळून एक खोली, एक मोठा कुकर आणि एक शिकलेला पोरगा ठेवणार असतील तर जरूर करा, मे च्या सुरुवातीला कल्चर आणलं तर जूनच्या शेवटपर्यंत सगळ्यांचं भागतं.